आधी विचारा, ‘कशाचे?’
अपूर्णांक, शेकडेवारी आणि व्यवहारी उदाहरणांचा घरच्या घरी सराव

समजा, एका बचत गटाला किलोभर पापडांना १६० रुपये खर्च येतो. गटाने त्यावर २५ टक्के नफा धरला आणि भाव ठरवला २०० रुपये. दुकानदार म्हणाला, ‘‘माल ठेवून घेतो, पण विक्रीवर २० टक्के कमिशन लागेल.’’ गटातल्या बायकांनी हिशेब केला : पंचवीसमधून वीस गेले, पाच टक्के उरले, हरकत नाही. आता खरा हिशेब पाहा. २०० रुपयांचे २० टक्के म्हणजे ४० रुपये. ते वजा जाता हाती येतात १६० रुपये, म्हणजे नेमका खर्च. नफा शून्य.

इथे कुणाची वजाबाकी चुकलेली नाही. २५ टक्के होते खर्चाचे आणि २० टक्के होते विक्रीच्या किमतीचे. दोन वेगवेगळ्या रकमांचे टक्के एकमेकांतून वजा केले, तिथेच हिशेब फसला.

अपूर्णांक आणि टक्के यांची भीती वाटणाऱ्यांना मला एवढेच सांगायचे आहे की आकडेमोड हा यातला सोपा भाग आहे. ती मोबाइलही करून देतो. मोबाइलला जे कळत नाही आणि तुम्हालाच ठरवावे लागते, ते म्हणजे हा भाग कशाचा आहे. पाव म्हणजे कशाचा पाव? दहा टक्के म्हणजे कशाचे दहा टक्के? हा प्रश्न दरवेळी विचारायची सवय लागली, की शिष्यवृत्तीच्या परीक्षेपासून तलाठी भरतीपर्यंत आणि किराणा दुकानापासून कर्जाच्या कागदापर्यंत बहुतेक उदाहरणे सुटू लागतात. ही सवय कशी लावायची, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

‘पूर्ण’ कोणते ते आधी ठरवा

कोणताही अपूर्णांक किंवा टक्का एकटा नसतो. त्याच्यामागे एक ‘पूर्ण’ असते, म्हणजे ज्याचे भाग पाडले ती वस्तू, रक्कम किंवा संख्या. उदाहरण हाती आले की वहीच्या कोपऱ्यात पहिली ओळ लिहायची : ‘पूर्ण = ...’. मुलांना शिकवत असाल, तर ही ओळ लिहिल्याशिवाय पुढची आकडेमोड करू देऊ नका.

रोजच्या बातम्यांत आणि बाजारात याचा भरपूर सराव होतो. एका गावात ६० टक्के मतदान झाले आणि निवडून आलेल्या उमेदवाराला झालेल्या मतांपैकी ४५ टक्के मते मिळाली. मग गावातल्या एकूण मतदारांपैकी किती जणांनी त्याला मत दिले? ४५ टक्के नव्हे. १०० मतदारांपैकी ६० जणांनी मत दिले आणि त्या ६० चे ४५ टक्के म्हणजे २७. पहिल्या टक्क्याचे पूर्ण ‘एकूण मतदार’, दुसऱ्याचे पूर्ण ‘झालेले मतदान’.

सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्कसोबत ९१६ हा आकडा असतो. शुद्ध सोने २४ कॅरट धरतात. दागिना २२ कॅरटचा असेल, तर त्यात २२/२४ भाग सोने, म्हणजे ११/१२. दशांशात ०.९१६..., म्हणून हजारात ९१६. अठरा कॅरटचा दागिना १८/२४ म्हणजे पाऊण भाग सोन्याचा, म्हणून त्यावर ७५० लिहिलेले असते. इथे पूर्ण आहे दागिन्याचे वजन. दहा ग्रॅमच्या २२ कॅरट बांगडीत शुद्ध सोने सुमारे ९.१६ ग्रॅम असते आणि बाकीचे दुसरे धातू असतात. २४ कॅरटचा भाव ऐकून २२ कॅरटच्या दागिन्याचा हिशेब मनातल्या मनात करायचा असेल, तर त्या भावाचा बारावा हिस्सा कमी करा.

खेड्यापाड्यांत खरीप संपताना पैसेवारीची चर्चा होते. पैसेवारी ५० पैशांच्या आत आली, की गावात टंचाईच्या सवलतींची वाट पाहिली जाते. पैसेवारी म्हणजेसुद्धा अपूर्णांकच. ठरवलेले प्रमाण उत्पन्न म्हणजे एक रुपया आणि यंदाचे पीक त्या रुपयातले किती पैसे, असा तो हिशेब आहे.

अपूर्णांक आधी हातात, मग कागदावर

शाळेत अपूर्णांक सुरू झाले, की मुलांच्या हाती लगेच नियम पडतात : समच्छेद करा, उलटा करून गुणा. नियम बरोबरच आहेत, पण त्यांचे कारण न कळता पाठ केले तर थोड्याच दिवसांत एकमेकांत मिसळतात. म्हणून सुरुवात कागदाच्या पट्ट्यांनी करा.

वर्तमानपत्रातून सारख्या लांबीच्या तीन पट्ट्या कापा. पहिलीचे घडी घालून दोन सारखे भाग करा, दुसरीचे तीन, तिसरीचे सहा. आता पहिल्या पट्टीचा अर्धा भाग तिसरीवर ठेवून पाहा; तो बरोबर तीन घरे झाकतो. दुसरीचा तिसरा हिस्सा दोन घरे झाकतो. मिळून पाच घरे, म्हणजे १/२ + १/३ = ५/६. समच्छेद करणे म्हणजे दोन्ही तुकडे एकाच मापाने मोजणे. एकदा हे डोळ्यांनी दिसले, की लसावि कशासाठी काढायचा ते वेगळे सांगावे लागत नाही.

हीच बेरीज काही मुले अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून करतात. उत्तर येते २/५. त्यावर नुसती लाल रेघ मारू नका. ‘‘२/५ हे अर्ध्याहून मोठे की लहान?’’ असे विचारा. पाचाचे अर्धे अडीच, त्यामुळे २/५ अर्ध्याहून लहान. अर्ध्यात काहीतरी मिळवले आणि उत्तर अर्ध्याहून कमी आले, हे होणेच शक्य नाही. मुलाने चूक स्वतः पकडली, तर ती पुन्हा सहसा होत नाही.

भागाकार थोडा अवघड वाटतो, म्हणून एक उदाहरण नीट जवळून पाहू. साडेबारा मीटर कापड आहे. एका झबल्याला पाऊण मीटर लागते. किती झबली होतील आणि कापड किती उरेल?

आधी अंदाज. एका झबल्याला एक मीटर लागले असते, तर बारा झबली झाली असती. लागते त्याहून कमी, म्हणजे उत्तर बारापेक्षा जास्त येणार. आता पद्धत. एका मीटरात पाऊण मीटरचे तुकडे किती बसतात? एक पूर्ण तुकडा बसतो आणि पाव मीटर उरते. ते पाव मीटर म्हणजे पाऊण मीटरचा तिसरा हिस्सा. म्हणजे एका मीटरात १ पूर्णांक १/३, अर्थात ४/३ तुकडे. साडेबारा मीटरमध्ये त्याच्या साडेबारा पट :

२५/२ × ४/३ = १००/६ = १६ पूर्णांक २/३

३/४ ने भागायचे तिथे ४/३ ने का गुणायचे, याचे कारण हेच. झबली होतील १६. मग उरले किती? उत्तरात २/३ दिसते, म्हणून घाईत ‘२/३ मीटर’ असे लिहिले जाते. ताळा करून पाहा. सोळा झबल्यांना १६ × ३/४ = १२ मीटर कापड लागले. साडेबारातून बारा गेले, उरला अर्धा मीटर. उत्तरातले २/३ हे मीटरचे नव्हतेच, ते होते एका झबल्याच्या कापडाचे. पाऊण मीटरचे २/३ म्हणजे ३/४ × २/३ = १/२ मीटर. पुन्हा तोच प्रश्न : कशाचे?

पावकी-दिडकी आणि टक्क्यांचा तक्ता

पूर्वी गावच्या शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हणवून घेत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. बाजारातले मापच तसे होते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै. हिशेब सारखा पाव-निम-पाऊणात चाले. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि सोळा-चौसष्टच्या छेदाऐवजी शंभरचा छेद आला. तेव्हापासून ते पाढे मागे पडले.

सगळे पुन्हा घोकण्याची गरज नाही. पण पाव, पाऊण, सव्वा, दीड आणि अडीच यांचे वीसपर्यंतचे पाढे आजही उपयोगी पडतात, कारण भाजी अजून पाव किलो, दूध दीड लिटर आणि जमीन अडीच एकर असते. पाढा पाठ नसला तरी तो चटकन उभा करता येतो. पाऊणपट म्हणजे चौथा हिस्सा कमी : १६ ची पाऊणपट १२. सव्वापट म्हणजे चौथा हिस्सा जास्त : १२ ची सव्वापट १५. दीडपट म्हणजे निम्मे जास्त : १८ ची दीडपट २७. अडीचपट म्हणजे दुप्पट आणि वर निम्मे : १४ ची अडीचपट ३५. रोज पाच मिनिटे मुलाशी तोंडी असे प्रश्न खेळा, वही-पेन न घेता.

त्याच्या जोडीला एक छोटा तक्ता कागदावर लिहून डोळ्यांसमोर लावा :

१/२ = ५० टक्के
१/३ = ३३ १/३ टक्के
१/४ = २५ टक्के
१/५ = २० टक्के
१/६ = १६ २/३ टक्के
१/८ = १२ १/२ टक्के
१/१० = १० टक्के
१/१२ = ८ १/३ टक्के
१/१६ = ६ १/४ टक्के

बाकीचे यातूनच निघतात. ३/८ म्हणजे साडेबाराची तिप्पट, साडेसदतीस टक्के. २/५ म्हणजे ४० टक्के. दोघांत मोठा कोण, हे आता समच्छेद न करता दिसते. स्पर्धा परीक्षेत तर ३७ १/२ टक्के दिसले की मनात ३/८ आले पाहिजे. ६४० चे साडेसदतीस टक्के काढायला दशांशात गुणाकार करू नका. ६४० चा आठवा हिस्सा ८०, त्याचे तीनपट २४०.

टक्के तोंडी काढण्याच्या रीती

दहा टक्के काढणे सर्वांत सोपे, कारण फक्त दशांश चिन्ह एक घर डावीकडे सरकवायचे. बाकीचे टक्के त्यातून घडवा. पाच टक्के म्हणजे दहाचे निम्मे. पंधरा म्हणजे दहा आणि पाच. अठरा टक्के जीएसटी काढायचा असेल, तर वीस टक्क्यांतून दोन टक्के कमी करा. २,३५० रुपयांचे दहा टक्के २३५, वीस टक्के ४७०, दोन टक्के ४७. म्हणून अठरा टक्के ४२३.

दुसरी रीत अदलाबदलीची. २५ चे १६ टक्के काढायचे असतील, तर १६ चे २५ टक्के काढा. उत्तर तेच, ४. कारण दोन्हीकडे १६ आणि २५ चा गुणाकार करून १०० नेच भागायचे असते. ५० चे ३८ टक्के म्हणजे ३८ चे निम्मे, १९.

उत्तर काढण्याआधी अंदाज बांधायचा नियम इथेही सोडू नका. ६१२ चे ४८ टक्के म्हणजे सहाशेच्या निम्म्याच्या आसपास. वहीत २९.३७ आले, तर दशांश चिन्ह चुकले हे लगेच कळते.

टक्के कुठे फसवतात

दुकानात पाटी असते : ‘४० टक्के + २० टक्के सूट’. मनात ६० टक्के येतात. अडीच हजारांची साडी घ्या. चाळीस टक्के गेले, उरले १,५००. पुढचे वीस टक्के या दीड हजारांचे, म्हणजे ३००. साडी पडली १,२०० रुपयांना. एकूण सूट १,३०० रुपये, म्हणजे ५२ टक्के. सुटी एकामागून एक असतील, तर उरलेले भाग गुणायचे : ६० टक्क्यांचे ८० टक्के म्हणजे ४८ टक्के किंमत द्यायची.

‘दोनावर एक मोफत’ म्हणजे तीन नगांतला एक फुकट, सूट ३३ १/३ टक्के. ‘त्याच किमतीत २० टक्के जास्त’ लिहिलेला पुडा म्हणजे मात्र वीस टक्के स्वस्त नव्हे. १२० ग्रॅममधले २० ग्रॅम फुकट, म्हणजे सहावा हिस्सा, १६ २/३ टक्के.

घट आणि वाढ यांचे टक्के एकमेकांना फेडत नाहीत, हे कांदा चाळीत ठेवणाऱ्या शेतकऱ्याने तरी पक्के लक्षात ठेवावे. समजा, ४० क्विंटल कांदा चाळीत ठेवला, तेव्हा भाव होता क्विंटलला १,५०० रुपये. म्हणजे माल ६० हजारांचा. चार महिन्यांत सड आणि वजनघट मिळून २५ टक्के गेले, उरले ३० क्विंटल. तेच ६० हजार हाती यायला भाव किती हवा? साठ हजार भागिले तीस, म्हणजे २,०००. चौथा हिस्सा घटला, तर भाव तिसऱ्या हिश्शाने, ३३ १/३ टक्क्यांनी वाढावा लागतो. आणि चाळीचा, मजुरीचा खर्च अजून धरलेलाच नाही. भाव १,८०० झाला म्हणून ‘तीनशे रुपये सुटले’ असे समजणाऱ्याचे प्रत्यक्षात ३० × १,८०० = ५४ हजारच होतात.

किमतीत कर धरलेला असेल तेव्हा उलटे जावे लागते. अठरा टक्के जीएसटीसह बिल १,१८० रुपये आहे. कर किती? १,१८० चे अठरा टक्के २१२ रुपये ४० पैसे होतात, पण ते उत्तर नाही. कर मूळ किमतीवर लागला आहे. मूळ किंमत १०० असती, तर बिल ११८ झाले असते. म्हणून १,१८० ला ११८ ने भागा आणि १०० ने गुणा : मूळ किंमत १,००० आणि कर १८०.

व्याजदर ८ वरून ९ टक्के झाला, तर वाढ ‘एक टक्का’ म्हणावी की साडेबारा टक्के? दर एका अंकाने वाढला आणि मूळ दराच्या तुलनेत तो १/८ ने, म्हणजे साडेबारा टक्क्यांनी वाढला. दोन्ही विधाने खरी आहेत, फक्त पूर्ण वेगळे आहे.

सर्वांत जास्त सावध राहायचे ते कर्जाच्या बाबतीत. गावात ‘शेकडा दोन’ म्हणतात तेव्हा तो दर महिन्याचा असतो. शंभराला दरमहा दोन रुपये म्हणजे वर्षाला २४ टक्के. चाळीस हजार रुपये शेकडा दोनने सात महिन्यांसाठी घेतले, तर व्याज ८०० × ७ = ५,६००. तेच वार्षिक १२ टक्क्यांनी घेतले, तर निम्मे, २,८००.

‘फ्लॅट’ दराचे कर्ज त्याहून फसवे. साठ हजार रुपये, एक वर्ष, बारा टक्के फ्लॅट. व्याज ७,२०० धरून ६७,२०० चे बारा हप्ते पाडतात, प्रत्येकी ५,६००. पण साठ हजार तुमच्याकडे वर्षभर राहतच नाहीत. दर हप्त्याबरोबर मुद्दल कमी होत जाते आणि सरासरीने पाहिले तर वर्षभर निम्म्याच्या थोडे वर मुद्दल तुमच्याकडे असते. व्याज मात्र पूर्ण साठ हजारांवर घेतले. म्हणून घटत्या शिलकीवर मोजले, तर हा दर वर्षाला २१ ते २२ टक्क्यांच्या दरम्यान पडतो. सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा : ‘‘व्याज मूळ रकमेवर की उरलेल्या मुद्दलावर?’’

शाब्दिक उदाहरण कसे वाचावे

मुले म्हणतात, ‘‘गणित येतं, पण शाब्दिक उदाहरण कळत नाही.’’ बहुतेक वेळा अडचण वाचनाची असते. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवा.

पहिले : एकाने पगाराचा १/३ भाग घरभाड्याला आणि पगाराचा १/४ भाग शिक्षणाला दिला. १५,००० रुपये उरले. पगार किती?

दुसरे : एकाने पगाराचा १/३ भाग घरभाड्याला आणि उरलेल्या रकमेचा १/४ भाग शिक्षणाला दिला. १५,००० रुपये उरले. पगार किती?

पहिल्यात खर्च १/३ + १/४ = ७/१२, उरले ५/१२. पाच भाग १५,०००, तर एक भाग ३,००० आणि बारा भाग ३६,०००. दुसऱ्यात भाडे देऊन उरले २/३. त्याचा पाव भाग गेला, म्हणजे पाऊण भाग राहिला. २/३ × ३/४ = १/२. निम्मे १५,०००, म्हणून पगार ३०,०००. ‘उरलेल्या रकमेचा’ या दोन शब्दांनी उत्तरात सहा हजारांचा फरक पाडला. म्हणून उदाहरण वाचताना ‘चा, ची, चे’ आणि त्याच्या आधीच्या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारायला लावा.

प्रमाणाच्या उदाहरणांसाठी त्रैराशिक आहेच. भास्कराचार्यांनी इ.स. ११५० च्या ‘लीलावती’त ते सविस्तर मांडले आहे : प्रमाण, फल आणि इच्छा. प्रमाण आणि इच्छा एकाच जातीचे असतात. फलाला इच्छेने गुणायचे आणि प्रमाणाने भागायचे. तीन माणसांच्या शिऱ्याला पाऊण वाटी रवा लागतो, तर आठ माणसांना किती? प्रमाण ३ माणसे, फल ३/४ वाटी, इच्छा ८ माणसे. ३/४ × ८ ÷ ३ = २ वाट्या.

पण सूत्रात आकडे घालण्याआधी विचारा : एक वाढले तर दुसरे वाढेल की कमी होईल? सहा मजुरांना ऊस तोडायला दहा दिवस लागतात, तर पंधरा मजुरांना दिवस कमी लागणार. हे व्यस्त त्रैराशिक : ६ × १० = ६० दिवसांची मजुरी, भागिले १५, उत्तर ४ दिवस. काही ठिकाणी तर त्रैराशिक लागूच होत नाही. दोरीवर एक सदरा दोन तासांत वाळतो, तर शेजारी टांगलेले पाच सदरेही दोन तासांतच वाळतात.

सरासरीतही असेच थांबावे लागते. २४० किलोमीटर जाताना गाडी ताशी ६० ने गेली, येताना ४० ने आली. सरासरी वेग ५० नाही. जायला ४ तास, यायला ६ तास. एकूण ४८० किलोमीटर दहा तासांत, म्हणजे ताशी ४८. कमी वेगाने गाडी जास्त वेळ चालली, म्हणून सरासरी त्या बाजूला झुकली.

रोजची पंधरा मिनिटे

पाच मिनिटे तोंडी : पाऊणपट, दीडपट, दहा-पाच-पंधरा टक्के. पाच मिनिटे घरातल्या एखाद्या खऱ्या कागदावर : वीजबिल, किराण्याची यादी, बाजार समितीची पट्टी, बँकेचे पासबुक. ‘‘मागच्या महिन्यापेक्षा वीजबिल किती टक्क्यांनी वाढले?’’ हा प्रश्न मुलाला विचारा, तेव्हा ‘पूर्ण’ मागच्या महिन्याचे बिल हे त्यालाच सांगू द्या. उरलेल्या पाच मिनिटांत एकच शाब्दिक उदाहरण, पण पाच पायऱ्यांनी : पूर्ण लिहा, कागदी पट्टीसारखी पट्टी काढून तिचे भाग दाखवा, अंदाज बांधा, आकडेमोड करा, ताळा पाहा. पाच उदाहरणे घाईने सोडवण्यापेक्षा एक असे सोडवणे जास्त उपयोगाचे. मोबाइलचा कॅल्क्युलेटर वापरायला हरकत नाही. तो ताळ्यासाठी ठेवा.

सरावासाठी दहा उदाहरणे

१. साडेचार किलो शेंगदाण्यांच्या पाऊण किलोच्या किती पिशव्या होतील?
२. टाकी २/५ भरलेली होती. १५० लिटर पाणी घातल्यावर ती निम्मी भरली. टाकीत एकूण किती पाणी मावते?
३. ८० पैकी ६८ गुण म्हणजे किती टक्के?
४. एसटीचे भाडे १२० वरून १३८ रुपये झाले. वाढ किती टक्के?
५. १,५०० रुपयांच्या वस्तूवर ३० टक्के सूट आणि उरलेल्या किमतीवर आणखी १० टक्के सूट. किंमत किती पडेल? एकूण सूट किती टक्के?
६. साखर २० टक्क्यांनी स्वस्त झाली. त्याच पैशांत किती टक्के जास्त साखर येईल?
७. वर्गात ३/८ मुली आहेत. मुलींची संख्या १५ असेल, तर मुलगे किती?
८. एका नळाने टाकी ६ तासांत भरते, दुसऱ्याने ३ तासांत. दोन्ही नळ सोडले तर किती वेळात भरेल?
९. २५,००० रुपये शेकडा दीड दरमहा दराने ८ महिने वापरले. व्याज किती? वार्षिक दर किती टक्के?
१०. पाच टक्के करासह हॉटेलचे बिल ८४० रुपये झाले. कर किती?

उत्तरे : १) ६ पिशव्या. २) निम्म्यातून २/५ गेले, उरला १/१०, तो १५० लिटर, म्हणून टाकी १,५०० लिटरची. ३) ८५ टक्के. ४) वाढ १८ रुपये, पूर्ण १२०, १५ टक्के. ५) ९४५ रुपये, एकूण सूट ३७ टक्के. ६) २५ टक्के. ७) एक भाग ५, वर्ग ४० चा, मुलगे २५. ८) तासाला १/६ + १/३ = १/२ टाकी; २ तास. ९) दरमहा ३७५, आठ महिन्यांचे ३,०००, वार्षिक १८ टक्के. १०) मूळ बिल ८००, कर ४० रुपये.

सहावे आणि दहावे उदाहरण चुकले असेल, तर नाराज होऊ नका. दोन्हींत पूर्ण कोणते, ते आधी लिहा आणि नव्याने सोडवा. उत्तर जुळले, की त्याच धर्तीची दोन उदाहरणे स्वतः तयार करा आणि घरातल्या कुणाला तरी घाला. उदाहरण तयार करताना ‘कशाचे’ हे आपल्यालाच ठरवावे लागते, म्हणून ही सवय पक्की करायचा तो सर्वांत चांगला मार्ग आहे. आजच एक किराण्याची पावती घ्या आणि सुरुवात करा.